तांबेऱ्याची फवारणी करताना औषधाचा गट पाहा

श्रावणातली झड थांबून दोन-चार दिवसांची उघडीप मिळाली की कोल्हापूर जिल्ह्यात सोयाबीनवरील तांबेरा या बुरशीजन्य रोगासाठी फवारणीची घाई सुरू होते. या सुमारास पीक फुलोऱ्यातून शेंगा धरण्याच्या अवस्थेत जात असते, आभाळ भरलेले असते आणि पाने दिवसाचा बराच वेळ ओली राहतात. तांबेऱ्याला हेच हवामान मानवते.

गेल्या खरिपात हातकणंगले तालुक्यातील एका शेतकऱ्याने तीन फवारण्या करूनही पाने गळाली म्हणून तिन्ही रिकाम्या बाटल्या पिशवीत घालून दाखवायला आणल्या होत्या. कंपन्या तीन, नावे तीन, दरही वेगवेगळे. पण लेबलवरील बारीक अक्षरांतला घटक वाचला तेव्हा दोन बाटल्यांत अ‍ॅझॉक्सिस्ट्रॉबिन आणि तिसरीत पायराक्लोस्ट्रॉबिन निघाले. हे दोन्ही घटक स्ट्रोबिल्युरीन या एकाच गटातले आहेत आणि बुरशीच्या पेशीत एकाच ठिकाणी काम करतात. दर वेळी वेगळे औषध मागून घेतलेल्या त्या शेतकऱ्याच्या रानात गट एकदाही बदललेला नव्हता.

बुरशीला औषधाची सवय लागते असे आपण म्हणतो, पण प्रत्यक्षात होते ते निवडीचे काम. रोगट पानावरच्या असंख्य बीजाणूंमध्ये, म्हणजे बुरशीच्या बियांसारख्या सूक्ष्म कणांमध्ये, मोजके बीजाणू मुळातच असे असतात की, औषध जिथे चिकटायला हवे त्या प्रथिनाची घडण त्यांच्यात किंचित निराळी असते. त्याच गटाची फवारणी पुन्हा पुन्हा झाली की बाकीचे मरतात, हे उरतात आणि वाऱ्याबरोबर शेजारच्या रानात जातात. मॅन्कोझेब किंवा ताम्रयुक्त औषधे बुरशीवर एकाच वेळी अनेक ठिकाणी घाव घालतात, त्यामुळे त्यांच्याबाबत हा धोका फार कमी असतो. स्ट्रोबिल्युरीनबाबत तो सर्वांत जास्त आहे, तर ट्रायझोल या दुसऱ्या गटाचा परिणाम हळूहळू बोथट होत जातो. ब्राझीलमध्ये सोयाबीनच्या तांबेऱ्यावर या दोन्ही गटांची परिणामकारकता घटल्याचे अनुभवाला आले आहे. आपल्याकडे ती वेळ येण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही.

म्हणून औषध घेताना दुकानातच घटकाचे नाव वाचावे आणि ते तारखेसह वहीत लिहून ठेवावे. हेक्झाकोनॅझोल, प्रोपिकोनॅझोल, टेब्युकोनॅझोल हे ट्रायझोल. नावाच्या शेवटी ‘स्ट्रोबिन’ असलेले घटक स्ट्रोबिल्युरीन. स्ट्रोबिल्युरीन एकटे न वापरता सोयाबीनसाठी लेबलवर शिफारस असलेल्या मिश्रणातूनच वापरावे, हंगामात दोनपेक्षा जास्त वेळा नको, आणि लागोपाठ तर मुळीच नको.

मात्रेची चूक बहुतेक वेळा पंपांच्या संख्येत असते. प्रोपिकोनॅझोल 25 टक्के ईसी (पाण्यात मिसळायचे द्रवरूप औषध) लिटरला 1 मिली, एकरी 200 लिटर पाणी, म्हणजे 15 लिटरचे साधारण 13 पंप होतात. प्रत्यक्षात मात्र सहा-सात पंपांत एकर उरकला जातो. पंपात औषध बरोबर पडले तरी एकराला मात्रा निम्मीच पोचते, आणि पीक दाटल्यावर रोग जिथून सुरू होतो ती खालची पाने कोरडीच राहतात. याच पानांच्या मागच्या बाजूला बारीक तपकिरी पुटकुळ्या दिसतात आणि अंगठ्याने चोळल्यास विटकरी भुकटी हाताला लागते. ही खूण दिसताच फवारणी करावी, कारण निम्मे पान पिवळे पडल्यावर कोणत्याही गटाचे औषध ते पूर्ववत करू शकत नाही, आणि बुरशीची संख्या जितकी मोठी तितकी त्यात औषधाला न जुमानणारे बीजाणू असण्याची शक्यताही मोठी.

एकाच औषधावर विसंबण्याचा हा धोका इतर पिकांतही आहे. टोमॅटोच्या उशिरा येणाऱ्या करप्यावर मेटॅलॅक्झिल हे बुरशीनाशक एकटे वापरू नये. 1980 च्या सुमारास युरोपातील बटाट्यावर ते निष्प्रभ ठरू लागले होते, म्हणून फवारणीसाठी ते प्रामुख्याने मॅन्कोझेबबरोबरच्या मिश्रणात विकले जाते.

फवारूनही रोग हटला नाही तर मात्रा वाढवू नये. फवारणीनंतर लगेच पाऊस आला होता का, पानांची मागची बाजू भिजली होती का आणि रोग तांबेराच आहे का, हे आधी पाहावे. या तिन्हींत खोट नसेल तर पुढची फवारणी दुसऱ्या गटाची घ्यावी, आणि रोगट पाने कागदी पाकिटात, वापरलेल्या औषधांच्या नोंदीसह, तळसंदे किंवा कणेरीच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवावीत. प्लॅस्टिकच्या पिशवीत पाने घामेजून कुजतात.

पुढच्या वर्षी रोगाचा भार मुळात कमी राहावा म्हणून बियाणे निवडताना कसबे डिग्रज येथील संशोधन केंद्रात विकसित झालेल्या, तांबेऱ्याला सहनशील अशा फुले संगम आणि फुले किमया या वाणांचा विचार करावा. नदीकाठच्या भागात उन्हाळी सोयाबीन वाढत चालले आहे. त्यावर आणि बांधावर आपोआप उगवलेल्या झाडांवर तांबेरा पुढच्या खरिपापर्यंत जिवंत राहू शकतो, म्हणून काढणीनंतर उगवून आलेली रोपे मुळासकट उपटून टाकावीत.