डेंजरस वॉटर्समध्ये सोनारच्या बेअरिंगवरून अंतर कसं काढायचं

डेंजरस वॉटर्स (2005, सोनालिस्ट्सचा गेम) नवीन घेतला की बरेच जण टीएमए, म्हणजे बेअरिंगवरून (आवाज कोणत्या दिशेने येतोय तो कोन) समोरच्या जहाजाचा कोर्स-स्पीड-अंतर काढायचं काम, ऑटो क्रूवर सोडतात. माझं ऐका, तो ऑटो बंद करा, पाणबुडीच्या गेमची खरी मजा तिथेच आहे.

पॅसिव्ह सोनार, म्हणजे नुसता ऐकणारा, फक्त दिशा सांगतो. 090 म्हणजे पूर्वेला, मग ते जहाज 3 मैलांवर असो नाहीतर 30.

आधी टोड अ‍ॅरे, म्हणजे पाणबुडीमागे ओढलेली सोनारची केबल. त्या केबलला आवाज डावीकडून आला की उजवीकडून ते कळत नाही, त्यामुळे एकाच जहाजाच्या दोन रेषा दिसतात. समजा तुमचा कोर्स 000 आहे आणि रेषा 060 आणि 300 वर आहेत, तर 030 ला वळा, केबल सरळ होईपर्यंत थांबा (वळताना आलेली बेअरिंग धरूच नका) आणि मग बघा. 060 आणि 000 दिसलं तर खरं 060, आणि 300 आणि 120 दिसलं तर खरं 300. जागेवर राहिली ती खरी रेषा.

आता अंतर. त्यासाठी दोन लेग (एकाच कोर्सवर सरळ जायचे टप्पे) लागतात, तेही बेअरिंगला आडवे, कारण सरळ कॉन्टॅक्टच्या, म्हणजे ज्याचा आवाज येतोय त्या जहाजाच्या दिशेने गेलात तर तुमच्यामुळे बेअरिंग हलतच नाही. कॉन्टॅक्ट 090 च्या आसपास आहे, तुम्ही 6 नॉटने उत्तरेला जाताय आणि बेअरिंग मिनिटाला 1.5 अंश उजवीकडे सरकतंय. मग दक्षिणेला वळलात, स्पीड तोच, आता ते 0.5 अंश डावीकडे सरकतंय. तुमच्या आडव्या स्पीडमधला फरक 12 नॉट, सरकण्यातला फरक 2 अंश. 1934 (नॉट आणि अंशांवरून उत्तर यार्डात आणणारा ठरलेला आकडा) गुणिले 12 भागिले 2, म्हणजे साधारण 11,600 यार्ड. याला एकेलुंड पद्धत म्हणतात आणि कागदावर अर्ध्या मिनिटात होते.

पण हे सगळं समोरचा सरळ जातोय असं धरून आहे हां. तुम्ही वळला नाहीत तरी सरकण्याचा वेग एकदम बदलला तर बहुतेक तो वळलाय, मग जुने आकडे टाकून द्या आणि परत पहिल्या लेगपासून सुरू करा. आणि बेअरिंग अजिबात सरकत नाहीये पण आवाज वाढत चाललाय, तर तो तुमच्यावरच येतोय, अशा वेळी गणित नंतर, आधी कोर्स बदला.