दहा बाय चारचा गणपती आणि दोन डॅश

भाद्रपद जवळ आला की रात्री साडेदहाला मंडळाची पोरं दुकानात येतात. "ताई, दहा बाय चारचा फ्लेक्स, उद्या सकाळी पाहिजे. गणपती असा करा की दुसऱ्या कुठल्या मंडळाकडं नसेल." कराडात आमचं डीटीपीचं दुकान. वीस वर्षं डिझाइनच्या कोरल ड्रॉवर आणि मराठी टायपिंगच्या श्रीलिपीवर चाललेलं. भाच्यानं मिडजर्नी, म्हणजे लिहिलेल्या वर्णनावरून चित्र काढणारं एआय, लावून दिलं, तेव्हा पहिल्याच रात्री मी चाळीसेक चित्रं काढली आणि त्यातलं एकही छापण्याजोगं नव्हतं. चूक माझीच. "सुंदर गणपती" एवढंच लिहून मी चमत्काराची वाट बघत बसले होते. आपण गिऱ्हाईकाला पहिलं काय विचारतो? साइज काय! यंत्रालाही आधी तेच सांगायचं असतं.

कमांड मी इथं देवनागरीत लिहिते आहे, पण टाइप करताना अक्षरं इंग्रजीच, आकडेही इंग्रजीच. प्रॉम्प्ट, म्हणजे कसलं चित्र हवं त्याचं वर्णन, तेही इंग्रजीत लिहा. इंग्रजी मोडकं असलं तरी चालतं, माझंही तसंच आहे.

मिडजर्नी डिस्कॉर्ड या चॅटिंगच्या अ‍ॅपवर चालवत असाल तर /इमॅजिन टाइप केल्यावर "प्रॉम्प्ट" नावाची चौकट उघडते, मजकूर त्या चौकटीतच लिहायचा. नवीन माणूस चौकटीची वाट न बघता पुढं लिहीत सुटतो आणि मग काहीच होत नाही. वेबसाइटवर ही भानगड नाही, वरच्या पट्टीत थेट लिहा. उत्तरादाखल चार चित्रं येतात. डिस्कॉर्डवर त्यांच्याखाली यू आणि व्ही अशी बटणं असतात. यू म्हणजे ते चित्र वेगळं काढून द्या, व्ही म्हणजे त्याच्यासारखी आणखी चार दाखवा.

बाकीच्या सूचना प्रॉम्प्टच्या अगदी शेवटी, दोन डॅश देऊन. मापासाठी --एआर, म्हणजे रुंदी आणि उंचीचं प्रमाण. दहा बाय चारला --एआर ५:२. अडीच बाय सहाच्या स्टँडीला --एआर ५:१२, कारण इथं पूर्णांकच चालतात, अडीच लिहिता येत नाही. डॅशच्या आधी जागा सोडा, एआर आणि आकडा यांच्यामध्येही सोडा, पण दोन डॅशनंतर सोडू नका. स्वल्पविराम, पूर्णविराम काही नको. आयफोनवर दोन डॅश आपोआप जुळून एक लांब रेघ होते, तिला घाबरू नका, ती चालते.

माप सांगितलं म्हणून चित्र तेवढं मोठं येत नाही, फक्त आकार तसा येतो. चौकोनी चित्र १०२४ बाय १०२४ पिक्सेलचं असतं, अपस्केल करून मोठं केल्यावर २०४८. आता हिशेब करा. दहा फूट म्हणजे १२० इंच, फ्लेक्सला ७२ डीपीआय, म्हणजे इंचाला ७२ पिक्सेल, धरले तर ८,६४० पिक्सेल लागतात. एवढं कुठून आणणार? म्हणून एकच चित्र मी अख्ख्या फ्लेक्सवर ताणत नाही. गणपती चौकोनी काढते, चार बाय चार फुटांत बसवते आणि उरलेली पार्श्वभूमी कोरलमध्ये भरते. २०४८ भागिले ४८ इंच, म्हणजे इंचाला साधारण ४२ पिक्सेल. रस्त्यापलीकडून बघणाऱ्याला तेवढं पुरतं. लग्नपत्रिकेला मात्र पुरणार नाही, ती हातात धरून बघतात.

आता वेगाचं बघू, कारण यात पैसे जातात. महिना १० डॉलरचा प्लॅन आहे आणि ३० डॉलरचा आहे. तिसात १५ तास फास्टचे, म्हणजे रांगेत न थांबता चित्रं काढायचे, मिळतात. चार चित्रांच्या एका फेरीला साधारण मिनिटभर खर्च होतं, म्हणजे महिन्याला अंदाजे नऊशे फेऱ्या. टर्बो मोड चौपटीपर्यंत वेगानं चालतो आणि मिनिटं दुप्पट खातो. रिलॅक्स मोडमध्ये मिनिटं कापली जात नाहीत, पण रांगेत थांबावं लागतं, कधी लगेच, कधी दहा मिनिटं. दहा डॉलरच्या प्लॅनमध्ये रिलॅक्स नाहीच. पहिल्या सीझनला मी हौसेनं सगळं टर्बोवर काढलं आणि चतुर्थीच्या चार दिवस आधीच तास संपले. आता दुपारी दुकान शांत असताना /रिलॅक्स, रात्री पोरं आली की /फास्ट, आणि टर्बो फक्त गिऱ्हाईक बाहेर गाडी चालू ठेवून उभं असेल तेव्हा.

एप्रिल २०२५ मध्ये आलेल्या सातव्या व्हर्जनपासून ड्राफ्ट मोडही आहे: खर्च निम्मा, वेग दहापट, चित्र जरा कच्चं. मांडणी ठरवायला मला हाच आवडतो. मंडळाच्या पोरांना आठदहा कच्ची चित्रं दाखवायची, त्यांची भांडणं तिथंच होऊ द्यायची आणि ज्यावर एकमत होईल तेवढंच पक्कं करायचं.

खरी कसरत गणपतीतच आहे. यंत्रापुढं नावं टाकू नका, रूप सांगा. "मोदक" लिहून कसलातरी लाडू येण्यापेक्षा "वाफवलेले, पांढरे, कळ्या पाडलेले, वर टोक असलेले तांदळाच्या पिठीचे" असं लिहा. "फेटा" म्हटलं तर राजस्थानी पागोटं येऊ शकतं, म्हणून गुंडाळी कशी, शेमला कुठं, रंग कोणता ते लिहायचं. नऊवारीचंही तेच: मागं काष्टा, पायांभोवती धोतरासारखी नेसलेली. हात चार हवेत तर "चार हात" स्पष्ट लिहा, आणि तरीही चित्र आल्यावर मोजा. मी बोट लावून मोजते.

सोंडेचं तर विचारूच नका. आपण डावी सोंड म्हणतो ती गणपतीच्या डावीकडची, म्हणजे बघणाऱ्याच्या उजवीकडची. प्रॉम्प्टमध्ये "चित्राच्या उजव्या बाजूला वळलेली" असं लिहिलं की गोंधळ कमी होतो. सोंड उलटी आली तर कोरलमध्ये मिरर मारायचा मोह होतो. मी एकदा मारला. छापून झाल्यावर एका आजोबांनी दाखवलं की आशीर्वादाचा हात डावा झालाय. तो फ्लेक्स माझ्या खर्चानं परत छापला.

नको असलेली गोष्ट वाक्यात लिहू नका. "मागे माणसं नसावीत" असं लिहिलं की नेमकी माणसंच यायची शक्यता वाढते. शेवटी --नो देऊन पुढं फक्त नावं टाका, स्वल्पविराम देऊन. हाच एक स्वल्पविराम चालतो. चित्र फार गोड, चकचकीत येत असेल तर --रॉ लावा आणि --एस कमी करा. एस शून्यापासून १००० पर्यंत जातं, काही न लिहिता १०० असतं. शाडूच्या मूर्तीला मी ५० ठेवते, मातीचा मॅटपणा टिकतो. चारही चित्रं एकसारखी येऊन कंटाळा आला तर --सी, शून्य ते १००. वीसच्या पुढं गेलात तर गणपतीचं काय होईल सांगता येत नाही.

दुरुस्ती करताना एका वेळी एकच गोष्ट बदला. त्यासाठी --सीड आहे, म्हणजे यंत्र ज्या आकड्यापासून चित्राची सुरुवात करतं तो आकडा. डिस्कॉर्डवर चित्राला पत्राच्या पाकिटाची इमोजी दिली की सीडचा आकडा मेसेजमध्ये येतो. तोच आकडा लावून प्रॉम्प्टमधला एक शब्द बदलला की तुमच्या शब्दानं काय फरक पडला ते कळतं. पण तोच सीड लावून दुसऱ्या प्रॉम्प्टमध्ये तीच मूर्ती मिळेल ही आशा सोडा. /सेटिंग्जमधून रिमिक्स मोड चालू केलात तर व्ही दाबल्यावर प्रॉम्प्ट बदलायची चौकट मिळते, रोजच्या कामाला मी तीच वापरते.

सारखं तेच शेपूट टाइप करायचा कंटाळा येतो. डिस्कॉर्डवर /प्रेफर ऑप्शन सेट देऊन मी एक छोटं नाव ठेवलंय आणि त्यात --रॉ --एस ५० भरून ठेवलंय. आता दोन डॅश देऊन नुसतं ते नाव लिहिते. पत्रिकेच्या पाकिटासाठी --टाइल बघा, नक्षी चारी बाजूंनी जोड न दिसता जुळते. पैठणीच्या पदरासारखे मोर आणि पोपट घेऊन केलेली नक्षी आमच्याकडं सगळ्यात जास्त खपली.

अक्षरं मात्र चित्रात मागू नका. देवनागरीत वेलांट्या नि जोडाक्षरं बिघडतात, आणि "श्री" चुकीचा छापला तर मंडळ काय म्हणेल ते तुम्हाला माहीतच आहे. मजकुरापुरती जागा रिकामी ठेवायला सांगा आणि अक्षरं कोरलमध्ये टाका. वाढदिवसाच्या फ्लेक्सवरच्या भावी नगरसेवकांचाही खराच फोटो लावा, त्यांना स्वतःचा चेहरा बरोबर ओळखू येतो.

गिऱ्हाईकांचे फोटो चढवायच्या आधी एवढं बघा: इथं काढलेलं चित्र मुळात सगळ्यांना दिसतं. ते लपवायचा स्टेल्थ मोड फक्त वरच्या दोन महागड्या प्लॅनमध्ये आहे, आणि डिस्कॉर्डच्या सार्वजनिक चॅनेलवर काढलंत तर स्टेल्थ असूनही लोक बघतात. माझ्याकडं तो प्लॅन नाही. त्यामुळं नवरानवरीचे फोटो माझ्या कॉम्प्युटरवरून पुढं जात नाहीत. त्यांच्यामागची फुलं तेवढी तिकडून येतात.