गोष्टींमधून घरातली मंडळी सुरू करताय? या चुका टाळा

तासगाव, वाळवा, कराड, कोरेगाव या पट्ट्यात एखाद्या घराच्या सोप्यात आठ-दहा माणसं जमवायची, पवित्र शास्त्रातल्या, म्हणजे बायबलमधल्या, गोष्टी सांगायच्या आणि त्यातून हळूहळू मंडळी, म्हणजे एकत्र उपासना करणारा ख्रिस्ती गट, उभी करायची, अशी धडपड करणारे बंधू-भगिनी बरेच आहेत. त्यांतल्या पुष्कळांचं काम दोन-तीन महिन्यांत अडतं. माणसं येतात, ऐकतात, चहा पितात आणि मग यायची थांबतात. मला दिसलेलं कारण बहुतेक वेळा एकच असतं. गोष्ट सांगणाऱ्याच्या तोंडी राहते, ऐकणाऱ्याच्या तोंडी जातच नाही.

गोष्टीचं प्रवचन होणं

ही सगळ्यांत मोठी चूक, म्हणून हिच्यावर जरा जास्त बोलतो. लूकच्या शुभवर्तमानाच्या १५व्या अध्यायातली हरवलेल्या नाण्याची गोष्ट, एक बाई दिवा लावून, घर झाडून नाणं शोधते ती, अवघ्या तीन वचनांची आहे. ती सांगायला दोन मिनिटं पुरतात. पण सांगणारा पहिल्या वाक्यानंतरच थांबतो आणि नाणं म्हणजे आत्मा, दिवा म्हणजे वचन, केरसुणी म्हणजे पश्चात्ताप असा अर्थ लावत सुटतो. अर्ध्या तासानं समोरच्या बाईला ना गोष्ट आठवते ना अर्थ.

आपल्याकडचा श्रोता कच्चा नाही. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी मराठी नाटकाचा पहिला प्रयोग केला तो सांगलीत. कीर्तन, भारूड, गोंधळ रात्र-रात्र ऐकलेली ही माणसं आहेत. त्यांना गोष्ट सोडवून सांगावी लागत नाही, ती नीट सांगावी लागते.

म्हणून गोष्ट पाच-सात मिनिटांत संपेल एवढीच घ्या. शास्त्र मांडीवर उघडं ठेवा, पण गोष्ट पाठ करून, समोरच्यांच्या डोळ्यांत बघत सांगा. सुरुवातीला “ही गोष्ट पवित्र शास्त्रातली आहे” असं म्हणा आणि संपल्यावर “शास्त्रातली गोष्ट इथं संपली” असंही म्हणा. शास्त्रातलं काय आणि तुमचं काय, हे ऐकणाऱ्याला कळलंच पाहिजे. वाचता न येणाऱ्या माणसाकडे ते तपासायला दुसरा मार्ग नसतो, त्यामुळे ही जबाबदारी फार मोठी आहे.

गोष्ट संपली की अर्थ सांगू नका. “आता ही गोष्ट परत कोण सांगतंय?” एवढंच विचारा आणि गप्प बसा. पहिल्या वेळी ही शांतता जड जाते. तरी थांबा, कुणीतरी बोलतंच.

तासगाव तालुक्यातल्या एका सोप्यात नाण्याची गोष्ट परत सांगताना एक आजी मध्येच थांबल्या आणि समोरच्या पोरांना म्हणाल्या, “मातीच्या भुईत नाणं लगीच घावतंय व्हय? केर बाजूला सारून बोटानं चाचपावं लागतं. म्हणून तर दिवा लावला तिनं.” मग त्यांनी वाकून, उजव्या हाताची बोटं फरशीवर फिरवून दाखवली. पोरं बघतच राहिली. तिथं बसलेल्या कुणाला आता ती गोष्ट विसरता येणार नाही, आणि देव हरवलेल्याला कसा शोधतो हे वेगळं सांगायची गरजही उरली नाही.

परत सांगताना कुणी पदरचं घातलं, तर लगेच टोकू नका. “हे गोष्टीत होतं का?” असं सगळ्यांना विचारा. मग तो भाग शास्त्रातून वाचून दाखवा. चूक मंडळीनं मिळून दुरुस्त केली की तिचा कमीपणा कुणाला वाटत नाही, आणि शिक्षक तुम्ही न राहता वचन राहतं.

कुणीच बोलत नसेल तर

प्रश्न तपासा. “या उताऱ्याचा मध्यवर्ती संदेश कोणता?” हा शाळेतला प्रश्न झाला. साधं विचारा: या गोष्टीत देव कसा दिसला? माणसं कशी दिसली? यातलं आपण या आठवड्यात काय करायचं? ही गोष्ट कुणाला सांगणार? दर वेळी हेच चार प्रश्न असले तरी चालतात. उलट तेच बरं, महिन्याभरात ते सगळ्यांच्या अंगवळणी पडतात.

एकच भाऊ सारखा बोलत असेल, तर त्याला आधीच बाजूला घेऊन काम द्या: “दादा, आज तुम्ही इतरांना बोलतं करा.” सासू समोर असताना सून बोलत नसेल, तर बायकांचा गट दुपारी वेगळा बसवा आणि तो बाईनंच चालवावा.

गोष्टींचा क्रम न लावणं

पहिल्याच बैठकीत वधस्तंभावर, म्हणजे येशूच्या क्रुसावरच्या मरणावर, येण्याची घाई नको. बलिदान कशासाठी, पाप म्हणजे काय, हा देव कोण, याची ओळखच नसेल तर ती गोष्ट एका भल्या माणसाच्या हालांची कहाणी वाटते. उत्पत्तीतली निर्मिती, एदेन बाग, अब्राहाम, मिसरातल्या गुलामीतून सुटकेची वल्हांडणाची रात्र, दहा आज्ञा, मग येशूचा जन्म, वादळ शांत करणं, जक्कय, उधळा पुत्र, आणि मग मरण व पुनरुत्थान असा क्रम लावा.

याच घाईतून दुसरी चूक होते, लोकांच्या देवघरावर बोलण्याची. ती करूच नका. पालीच्या खंडोबाला किंवा मांढरदेवीला पिढ्यान् पिढ्या जाणाऱ्या घरात तुम्ही पाहुणे आहात. येशूची तसबीर कुणी देवघरात लावली म्हणून चिडू नका. मूर्तिपूजा नको असं सांगणाऱ्या दहा आज्ञांची गोष्ट क्रमानं येईल, तेव्हा प्रश्न त्यांच्या मनातूनच उठेल. कुणाच्या श्रद्धेचा अपमान करून ख्रिस्ताचं प्रेम सांगता येत नाही. सातारकरांना हे नव्यानं सांगायला नको. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी १९१७ साली इथंच ‘देवाचा दरबार’ उभा केला, तो बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्या अशा सगळ्या ख्रिस्तभक्तांसाठी, मराठी भक्तीच्या वळणानं.

चहाचे कप

यावर सहसा कुणी उघड बोलत नाही, पण मंडळी मोडते ती इथं. बैठक कायम एकाच आळीतल्या घरात होते. दुसऱ्या आळीचे लोक आले तर दाराशी बसतात. कुणाला चहा स्टीलच्या पेल्यात, कुणाला कागदी कपात. तोंडानं कुणी काही म्हणत नाही, पण दाराशी बसलेल्याला सगळं समजतं, आणि पुढच्या आठवड्यात तो येत नाही.

याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात हेच लिहिलं आहे: अंगठीवाल्याला चांगली जागा आणि गरिबाला पायाशी. करिंथच्या मंडळीत प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या आठवणीत एकत्र भाकर खाण्याच्या, वेळी काही भरपेट जेवत आणि काही उपाशी राहत, म्हणून प्रेषित पौल त्यांना रागावला. योहानाच्या चौथ्या अध्यायात येशू विहिरीवर शोमरोनी बाईकडे पाणी मागतो, तेव्हा तीच चकित होते, कारण यहूदी शोमरोन्यांशी व्यवहार ठेवत नसत. ही गोष्ट सुरुवातीच्या महिन्यातच सांगा. आणि सांगण्याआधी बैठकीची जागा आळीपाळीनं बदला, सगळ्यांना एकसारखे पेले द्या, आणि ज्या घरचं पाणी कुणी पीत नाही त्या घरी पहिल्यांदा तुम्ही प्या. हे होत नसेल तर बैठक थोडे दिवस थांबवलेली परवडली.

आजारपण आणि आश्वासनं

आजाऱ्यासाठी प्रार्थना जरूर करा. पण “गोळ्या बंद करा, विश्वास ठेवा” असं म्हणणं हा अपराध आहे, आणि तो ख्रिस्ताच्या नावावर तर मुळीच करू नये. मिरजेत मिशनरी डॉक्टर विल्यम वानलेस यांनी १८९४ साली रुग्णालय उभं केलं ते याच नावानं. सातारच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी आयुष्य वेचलं, तो २०१३ साली झाला. साप, कुत्रा चावलेल्याला उपचारापासून अडवून मंत्रतंत्र करणं हा त्यात गुन्हा आहे. प्रार्थना करून लगेच दवाखान्यात घेऊन जा आणि तिथं शेजारी बसा.

पैसे, धान्य, नोकरी, शाळेचा प्रवेश यांतलं काहीही बैठकीशी जोडू नका. संविधानाचं २५वं कलम धर्म पाळण्याचं आणि त्याचा प्रसार करण्याचं स्वातंत्र्य देतं. पण १९७७च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की, दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही. सांगणं आपलं, ठरवणं त्याचं. कुणी बाप्तिस्मा मागितला तर घाई न करता घरच्यांशी बोला. अनुसूचित जातीतल्या माणसाला त्याच्या जातीच्या दाखल्यावर काय परिणाम होईल हे लपवू नका. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार ख्रिस्ती झाल्यावर तो दर्जा राहत नाही. आधी वकिलाला विचारायला सांगा. भोंगा लावू नका, शेजाऱ्यांना आधी सांगा, दार उघडं ठेवा.

सांगली, मिरज, सातारा, वाई इथं जुन्या मंडळ्या आहेत. जवळच्या पाळकांना आपण होऊन भेटा. त्यांचे सभासद ओढू नका. बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन त्यांच्या सल्ल्यानंच करा.

वेळ

ऊसतोडीच्या दिवसांत संध्याकाळी सातची बैठक ठरवून लोक येत नाहीत म्हणून खंत करू नका. वेळ लोकांना विचारून ठरवा आणि एका तासात उठा. त्रोवस गावात पौल मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला, तेव्हा युतुख नावाचा तरुण पेंगून तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. पौल प्रेषित होता, तरी लोकांना झोप लागलीच.

सगळं स्वतःकडे ठेवणं

दीड-दोन महिन्यांत दुसऱ्या कुणी गोष्ट सांगितली नसेल, तर चूक तुमच्याकडे शोधा. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्याय करत बसला होता, तेव्हा सासरा इथ्रो त्याला म्हणाला की असं करून तूही थकशील आणि लोकही. दोघाजणांना निवडा, एक तरी बाई असू द्या. आठवड्यात एकदा त्यांच्या घरी जाऊन पुढची गोष्ट तोंडी पक्की करून घ्या. बैठकीत ते सांगतील, तुम्ही मागं बसा. चुकले तर सगळ्यांसमोर बोलू नका, दुसऱ्या दिवशी शास्त्र उघडून दोघं मिळून बघा. दुसऱ्या वस्तीवर नवी बैठक सुरू होईल, तेव्हा पहिली गोष्ट त्यांनाच सांगू द्या.