कलमाआधी दाखला वाचा: सोलापुरात सरकारी वकिलीत नव्याने येणाऱ्यांसाठी

एमपीएससीतून सहायक सरकारी अभियोक्ता झालेल्यांना वाटतं, कोणतं कलम लावायचं ते आता आपण ठरवणार. तसं नसतं. दोषारोपपत्र तपासी अंमलदार पाठवतो आणि आरोप न्यायालय निश्चित करतं. अभियोक्त्याचं मत घेऊनच दोषारोपपत्र पाठवा असं पोलिसांना बांधून घालता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली आर. सरला प्रकरणात सांगितलं. तुमच्या शब्दाला खरं वजन येतं ते दोषारोपपत्राचा मसुदा छाननीला आला तर तेव्हा, आणि आरोपनिश्चितीच्या तारखेला.

समजा, अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागाच्या कारखान्याबाहेर भांडण झालं, कोयता चालला. फिर्यादीत भारतीय न्याय संहितेचं कलम १०९, म्हणजे खुनाचा प्रयत्न, सहज येतं. आधी जखमेचा दाखला काढा. वार कुठे, किती, किती खोल? मनगटावर एकच वार करून आरोपी निघून गेला असेल तर जीव घेण्याचा हेतू सिद्ध करणं जड जातं. तरी १०९ ठेवलं की खटला सत्र न्यायालयात जातो आणि जखमी माणूस विनाकारण वर्षानुवर्षं खेटे घालतो. हे टाळणं तुमचं काम आहे.

मग ११८(१), म्हणजे घातक हत्याराने दुखापत, की ११८(२), म्हणजे तशीच गंभीर दुखापत? दाखल्यावर नुसतं ‘गंभीर’ लिहिलेलं पुरत नाही. हाड मोडलं का, की १५ दिवस रोजचं काम बंद होतं? (१ जुलै २०२४ पूर्वीच्या गुन्ह्याला जुनी भारतीय दंड संहिता, तिथे २० दिवस.) हाड मोडल्याचं म्हणायचं तर एक्स-रेची प्लेट आणि ती वाचणारा डॉक्टर साक्षीदारांच्या यादीत हवाच, नाहीतर उलटतपासात मुद्दा गळतो.

बेकायदा जमावाला पाच माणसं लागतात. फिर्यादीत सात नावं आणि जबाबांत तिघांचीच कृती असेल तर ३(५), समान इरादा, जास्त टिकतं. पूर्व भागातले साक्षीदार अनेकदा तेलुगूत सांगतात आणि जबाब मराठीत उतरतो. धमकीचे शब्द साक्षीआधी त्यांच्याकडून पुन्हा ऐकून घ्या.

पुरावा नंतर पुढे आला तर निकालापर्यंत भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २३९ खाली आरोप बदलून मागता येतो. खटला मागे घेणं, त्याच संहितेचं कलम ३६०, हा मात्र अभियोक्त्याचा स्वतःचा निर्णय. वरून पत्र आलं म्हणून सही करायची नाही. कारणं स्वतः लिहा, न्यायालयाची संमती घ्या. आरोपनिश्चितीपूर्वी संमती मिळाली तर आरोपी दोषमुक्त होतो, नंतर मिळाली तर निर्दोष सुटतो.