कमरेला लावायचं छोटं .३२ रिव्हॉल्वर: निवड कशी करावी

लायसन हातात आलं की बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, ‘सगळ्यात लहान कोणतं?’ तो प्रश्न जरा मागे ठेवा. लहान रिव्हॉल्वर लपवायला सोपं पण चालवायला अवघड असतं. नळी आखूड म्हणून नेम घ्यायला जागा कमी, मूठ छोटी म्हणून करंगळी हवेत लोंबते, आणि वजन हलकं म्हणून प्रत्येक झटका थेट मनगटात येतो. तुमच्या हाताला सलग सहा गोळ्या जिथे हव्यात तिथे लावता येतील अशा रिव्हॉल्वरांपैकी सगळ्यात लहान जे असेल, ते घ्या.

आपल्याकडे पर्याय मुळातच मोजके आहेत. ९ एमएम, .३८ हे बोअर (नळीच्या आतल्या व्यासाची मापं) निषिद्ध वर्गात येतात, त्यामुळे साध्या लायसनवर निवड .३२ आणि .२२ भोवतीच फिरते. कानपूरच्या सरकारी कारखान्याची जुनी रिव्हॉल्वरं ‘ब्रेक टॉप’ पद्धतीची, म्हणजे खटका दाबला की नळी पुढे मोडून खाली झुकते. २०१४ मध्ये आलेलं ‘निर्भीक’ टायटॅनियमच्या मिश्रधातूचं, साधारण ५०० ग्रॅमचं. २०२३ मध्ये आलेलं ‘प्रबल’ ७०० ग्रॅमचं, ७६ मिमी नळीचं, आणि त्याचा सिलिंडर, म्हणजे काडतुसांची घरं असलेला फिरता भाग, बाजूला उघडतो. .२२ चं ‘निडर’ तर २५० ग्रॅमच. आमचं मत सरळ आहे: दिवसभर अंगावर बाळगायला ५०० ग्रॅम आणि ७०० ग्रॅम यांतला फरक चांगल्या पट्ट्यावर फारसा जाणवत नाही, पण गोळी झाडताना तो लगेच कळतो. नवख्या हाताला जड हत्यारच बरं. .२२ चा झटका नगण्य असतो, पण तिची गोळी हलकी असते आणि रिमफायर काडतूस (ठिणगीची दारू बुडाच्या कडेत असलेलं) फुसकं निघण्याचं प्रमाण सेंटरफायरपेक्षा (बुडाच्या मधोमध टोपी असलेल्यापेक्षा) जास्त असतं.

दुकानात गेलात की आधी सिलिंडर उघडून सहाही घरं रिकामी असल्याचं डोळ्यांनी आणि बोटाने, दोन्हींनी तपासा. मग हातात धरा. नळी तुमच्या हाताच्या रेषेत सरळ असताना तर्जनीचं पहिलं पेर ट्रिगरवर आरामात पोचलं पाहिजे. त्यासाठी मूठ फिरवून धरावी लागत असेल, तर झटका अंगठ्याच्या सांध्यावर बसेल आणि दुसरी गोळी भरकटेल.

मग ट्रिगर. हॅमर (मागचा घोडा) मागे न ओढता नुसता ट्रिगर दाबून झाडण्याला डबल अ‍ॅक्शन म्हणतात. प्रसंग आला तर याच पद्धतीने झाडायचं असतं. त्याला साधारण साडेचार ते साडेपाच किलोचा जोर लागतो. डमी (बिनदारूची) काडतुसं घालून, हत्यार सुरक्षित दिशेला रोखून, दहा वेळा सावकाश दाबा. नळीचं टोक शेवटच्या क्षणी खाली झुकतंय का ते पाहा. झुकत असेल आणि सरावानेही जात नसेल, तर ते मॉडेल तुमच्या बोटासाठी नाही. ‘हॅमर ओढून झाडू’ अशी सोय मनात धरून घेऊ नका. घाबरलेल्या अंगठ्याने हॅमर ओढताना तो निसटतो.

आता तोच नग बारकाईने पाहा. एकाच मॉडेलच्या दोन नगांत बराच फरक असू शकतो, म्हणून दुकानदाराला दोन-तीन काढायला सांगा. त्यात संकोच नको. डाव्या हाताचं बोट सिलिंडरला हलकेच टेकवून, किंचित अडवत, हॅमर अगदी हळू मागे घ्या. हॅमर पूर्ण मागे अडकण्याच्या आधी किंवा त्याच क्षणी सिलिंडर ‘टक्’ करून जागेवर बसला पाहिजे. सहाही घरांवर हे करा. एखादं घर अर्धवट राहिलं, तर गोळी नळीच्या तोंडाशी तिरकी शिरते, शिशाचे कण बाजूने उडतात. मग हॅमर मागे असतानाच अंगठ्याने पुढे ढकलून पाहा. तो सुटता कामा नये. सिलिंडर आणि नळी यांमधली फट फीलर गेजने (मापाच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा: ०.१ ते ०.२ मिमी ठीक, ०.२५ च्या वर असेल तर नग परत द्या. अगदीच कमी असेल, तर काही गोळ्यांनंतर काजळी साचून सिलिंडर अडतो.

ब्रेक टॉपमध्ये बिजागिरी तपासा. बंद करून नळी वर-खाली हलवली तर खडखडता कामा नये. जुन्या, वडिलोपार्जित किंवा हस्ते-परहस्ते घेतलेल्या नगात पहिली झीज इथेच आणि वरच्या खटक्यात होते. याच प्रकारात आणखी एक दोष आहे. टरफलं उचलणाऱ्या ताऱ्याच्या आकाराच्या चकतीखाली एखादं टरफल घसरलं, की रिव्हॉल्वर ना उघडतं ना मिटतं. नळी हळूच झुकवली की असं होतं, म्हणून झटक्यात आणि पूर्ण उघडायचं. चकतीखाली न जळलेली दारू साचली तरी सिलिंडर घट्ट होतो. तिथे जुना टूथब्रश फिरवत राहा.

काडतुसांबाबत एक धोका ठळकपणे सांगायला हवा. रिव्हॉल्वरचं काडतूस .३२ एस अँड डब्ल्यू लाँग, आणि पिस्तुलाचं .३२ एसीपी. दोघांनाही बोलताना ‘.३२’च म्हणतात, आणि पिस्तुलाचं काडतूस पुष्कळदा रिव्हॉल्वरच्या घरात बसतंही. पण त्याचा दाब जास्त असतो, ते या हत्यारासाठी नाही. डबीवरचं आणि काडतुसाच्या बुडावरचं अक्षर वाचूनच घ्या. ‘केएफ’ हा आपल्या खडकीच्या कारखान्याचा शिक्का. प्रत्येक काडतुसाच्या बुडावरून बोट फिरवा. मधली टोपी (ठिणगी देणारी) उंच आली असेल तर ती मागच्या पत्र्याला घासते आणि सिलिंडर जागीच थांबतो. हलक्या रिव्हॉल्वरात आणखी एक तपासणी: पाच गोळ्या झाडून सहावं काडतूस काढा, नव्याशेजारी उभं धरा. झटक्याने त्यातली गोळी पुढे सरकली असेल तर ती कंपनी बदला.

खिशात किंवा पर्समध्ये ट्रिगर उघडा राहून एखादी वस्तू त्यात अडकली, तर अपघात ठरलेला. होल्स्टरने ट्रिगरगार्ड पूर्ण झाकला पाहिजे. कायद्यानेही सार्वजनिक जागी हत्यार होल्स्टरमध्ये, पूर्ण झाकलेलं आणि ताब्यात असावं लागतं. पँटच्या साध्या पट्ट्यावर टांगू नका. ३५ ते ४० मिमी रुंद, ताठ चामड्याचा पट्टा घ्या, नाहीतर मूठ बाहेर झुकते आणि शर्टातून दिसते. उजव्या कमरेच्या जरा मागे ते सगळ्यात कमी फुगतं. हॅमरचं टोक कपड्यात अडकतंय का ते घरी, रिकाम्या हत्यारावर पन्नास वेळा काढून पाहा. खिशात ठेवायचं असेल तर त्या खिशात दुसरं काहीही नको, चावीसुद्धा नको.

दुसरं, राखीव हत्यार म्हणून घेत असाल, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण लायसनदाराला दोनच शस्त्रं ठेवता येतात हे ध्यानात घ्या. दोन्हींचं काडतूस एकच असेल तर सोयीचं.

कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यात हत्यार चामड्याच्या होल्स्टरमध्ये ठेवून विसरू नका. चामडं ओल धरतं आणि निळसर पॉलिशखाली आठवड्याभरात गंज उठतो. रात्री बाहेर काढा, नळीत तेलाचा एक हात फिरवा, सिलिका जेलच्या पुडीसह कुलूपबंद पेटीत ठेवा, काडतुसं वेगळ्या कुलपात. निवडणुकीच्या आचारसंहितेत शस्त्र जमा करण्याचा आदेश आला, तर देण्याआधी आतून-बाहेरून तेल लावा, पावतीवर क्रमांक नीट लिहून घ्या, आणि परत आल्यावर सिलिंडरच्या सहाही घरांची वर सांगितलेली तपासणी पुन्हा करा.