ट्राउट गरवायला सहकुटुंब निघण्याआधी

आधी नियम बघा, सामान नंतर. ट्राउट या थंड पाण्यातल्या माशाच्या बऱ्याच पाण्यांवर परवाना लागतो आणि काही ठिकाणी फक्त कृत्रिम माशी (गळावर बांधलेली खोटी माशी) चालते, आमिष चालत नाही. मुलांना परवाना लागतो का, मासे किती आणि केवढे ठेवता येतात, हेही तेव्हाच विचारून घ्या.

माणशी एक रॉड नेऊ नका. चौघांत दोन पुरतात. चार नेले की मोठ्यांचा दिवस गुंते सोडवण्यात जातो. रॉड 6 ते 7 फुटी हलका, रीळ छोटं स्पिनिंगचं, तंगूस (नायलॉनची दोरी) 0.20 मिमीच्या आसपास. तंगूस जुना असेल तर बदलाच, रिळावर बसून बसून तो वेटोळी धरतो. भरताना कडेपासून 2-3 मिमी जागा सोडा. काठोकाठ भरला तर पहिल्याच फेकीला लडी सुटतात.

मांडण्या, म्हणजे गळ-वजन बांधलेल्या तयार दोऱ्या, घरीच बांधून पुठ्ठ्यावर गुंडाळून ठेवा, प्रत्येकी निदान सहा. काठावर गार पडलेल्या बोटांनी 10 नंबरच्या गळाला गाठ मारणं जमत नाही. फ्लोटची मांडणी सगळ्यात सोपी: फ्लोट (पाण्यावर तरंगणारी खूण), गळाच्या वर 15-20 सेंमीवर शिशाची चिमटगोळी, खाली 10 नंबरचा गळ. शिशाला बंदी असेल तिथे कथलाची गोळी घ्या. सुरुवात मीटरभर खोलीपासून करा. अर्ध्या तासात टोचणी (माशाने आमिष ओढणं) नाही तर आमिष बदलण्याआधी खोली बदला. इथेच बहुतेकजण चुकतात.

तळाच्या मांडणीत मुख्य दोरीवर 7 ते 10 ग्रॅमचं सरकतं वजन, मग मणी, मग स्विव्हल (दोन दोऱ्या जोडणारी फिरती कडी). पुढे 50 सेंमीचा 0.16 मिमीचा तुकडा आणि गळ. वजन सरकतं असलं की मासा ओढतो तेव्हा त्याला भार लागत नाही. पुढचा तुकडा बारीक ठेवायचा, म्हणजे गळ दगडात अडकला तर तेवढाच तुटतो. या मांडणीला तरंगणारं पिठाचं आमिष लावा. गांडूळ इथे तळाशी पडून शेवाळात दिसेनासं होतं, ते फ्लोटखालीच बरं. आमिषाची गोळी गळाला लावून काठाशी पाण्यात सोडून बघा. गळासकट वर येत नसेल तर गोळी लहान झाली आहे.

गाठ आवळण्याआधी ओली करा, कोरडी आवळली तर दोरी तापून तिथेच कमजोर होते. गळांचे उलटे काटे पकडीने घरीच दाबून टाका. मासा सोडायला सोपं जातं, आणि कुणाच्या बोटात गेला तरी निघतो.

लांब चिमटा, छोटी कात्री, बिनगाठींची रबरी जाळी, बर्फाचा डबा, साधा थर्मामीटर. शेवटची वस्तू लोकांना चैन वाटते, पण ट्राउटला 10 ते 16 अंशांचं पाणी मानवतं. 20 च्या वर गेलं तर पाण्यात प्राणवायू कमी असतो आणि सोडलेला मासाही पुढे दगावतो. अशा दिवशी गळ टाकूच नका. सोडायचा मासा ओल्या हातानेच धरा. आमिषाचा गळ पोटात गेला असेल तर ओढू नका, दोरी तोंडाजवळ कापा. ठेवायचा मासा लगेच मारा, तिथेच साफ करून बर्फात घाला.

लहानांना जीवरक्षक जॅकेट काठावरही हवं. कोरडे मोजे माणशी दोन जोड.