शिष्यवृत्ती ‘मंजूर’ दिसते, पण रक्कम जमा होत नाही : या चुका टाळा

दरवर्षी जानेवारी-फेब्रुवारी उजाडला की पुण्यातील आमच्या महाविद्यालयाच्या शिष्यवृत्ती कक्षासमोर रांग लागते आणि एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडून ऐकू येतो : “मॅडम, महाडीबीटीवर (राज्य शासनाच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावर) अप्रूव्ह्ड दिसतंय, मग पैसे का नाही आले?” प्रश्न विचारणाऱ्यांपैकी बरेच जण मराठवाडा, सोलापूर किंवा खानदेशातून आलेले असतात, खोलीचे भाडे आणि मेसचे पैसे थकलेले असतात. त्यांची अडचण खरी असते. मात्र ‘मंजूर’ हा शब्द वाचून पैसे निघाले असे समजणे, ही पहिली चूक येथेच होते.

अर्ज आधी महाविद्यालयातील लिपिकाच्या टेबलावर तपासला जातो, मग प्राचार्यांच्या लॉगिनमधून पुढे जातो आणि त्यानंतर संबंधित विभागाच्या कार्यालयात त्याची छाननी होते. मंजुरीनंतर निधी उपलब्ध व्हावा लागतो, देयक तयार व्हावे लागते, आणि शेवटी रक्कम आधार क्रमांकाच्या आधारे बँक खात्यापर्यंत पोहोचते. पैसे आले नाहीत म्हणजे यांपैकी नेमक्या कोणत्या टप्प्यावर ते अडले आहेत, हे शोधल्याशिवाय कोणाकडेही धाव घेऊन उपयोग होत नाही.

आधार ‘जोडलेले’ आणि आधार ‘सीडिंग’ यांतील फरक न समजणे

सर्वाधिक अर्ज याच ठिकाणी अडकतात, म्हणून हे सविस्तर सांगते. खाते उघडताना ओळखीचा पुरावा म्हणून आधार कार्डाची प्रत दिली, की आपले आधार बँकेशी जोडले गेले असे विद्यार्थी गृहीत धरतात. शासकीय अनुदानासाठी तेवढे पुरेसे नसते. राष्ट्रीय देयक महामंडळ, म्हणजे एनपीसीआय, आपल्या नोंदीत प्रत्येक आधार क्रमांकासमोर एका वेळी एकाच बँकेचे नाव ठेवते आणि आधारवर पाठवलेली रक्कम त्याच बँकेकडे वळते. या नोंदीलाच ‘सीडिंग’ म्हणतात. आपण अर्जासोबत कोणत्या पासबुकाची प्रत जोडली, याला तेथे अर्थ राहत नाही. नंतर दुसऱ्या बँकेत सीडिंगला संमती दिली, की आधीच्या बँकेचे नाव पुसले जाऊन नव्या बँकेचे नाव येते.

लातूर जिल्ह्यातील एका विद्यार्थिनीने माझ्यासमोर पासबुक उघडून ठेवले होते. गावाकडच्या बँकेत वडिलांनी ते तीन वेळा भरून आणले होते आणि शेवटची नोंद दिवाळीतील साडेपाचशे रुपयांची होती. आम्ही ‘माय आधार’ संकेतस्थळावर तिच्या मोबाइलवरील ओटीपीने प्रवेश केला आणि ‘बँक सीडिंग स्टेटस’ पाहिले, तर पडद्यावर वेगळ्याच बँकेचे नाव आले. कॉलेजच्या पहिल्या आठवड्यात मेसचे पैसे ऑनलाइन देता यावेत म्हणून तिने मोबाइलवरून एक खाते उघडले होते आणि उघडताना संमतीच्या चौकटीवर खूण केली होती. निर्वाह भत्त्याची रक्कम त्या खात्यात महिन्याभरापूर्वी येऊन पडली होती. ती विसरलेल्या ॲपचा पासवर्ड आठवत असताना तिचे हात थरथरत होते.

म्हणून अर्ज भरण्याआधी आणि मंजुरीनंतर पुन्हा एकदा हे स्टेटस स्वतः पाहावे. पडद्यावर बँकेच्या नावासोबत ते सक्रिय असल्याची नोंद दिसली पाहिजे. बँक बदलायची असल्यास शाखेत जाऊन ‘डीबीटीसाठी (थेट लाभ हस्तांतरणासाठी) आधार सीडिंग’ असे स्पष्ट शब्दांत सांगावे, संमतीपत्र भरून द्यावे आणि पोच घ्यावी. केवळ ‘आधार लिंक करा’ म्हटल्यास बरेचदा केवायसी अद्ययावत करून परत पाठवले जाते.

खाते चालू आहे का, आणि ते एवढी रक्कम घेऊ शकते का?

शाळेत असताना उघडलेली खाती पुढे अडचणीची ठरतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ‘छोट्या खात्यात’, म्हणजे पूर्ण केवायसी न करता उघडलेल्या खात्यात, एका आर्थिक वर्षात एकूण १ लाख रुपयांपर्यंतच जमा होऊ शकते आणि शासकीय अनुदानासारख्या रकमा वगळता शिल्लक ५० हजारांपेक्षा अधिक राहू शकत नाही. अल्पवयीन असताना उघडलेल्या खात्यांवरही बँका स्वतःच्या मर्यादा ठेवतात. अभियांत्रिकी किंवा औषधनिर्माणशास्त्राच्या शुल्काचा मोठा हप्ता अशा खात्याकडे आला, की तो नाकारला जाऊ शकतो आणि रक्कम परत जाते. अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर पूर्ण केवायसी करून खाते सर्वसाधारण बचत खात्यात बदलून घेणे, हाच यावरचा उपाय आहे.

शुल्काची रक्कम स्वतःची समजणे

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठीच्या भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के असतो. केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या आधारसंलग्न खात्यात येतो. त्यात निर्वाह भत्त्यासोबत महाविद्यालयाचे शुल्कही असते आणि ते शुल्क ७ दिवसांच्या आत महाविद्यालयाकडे भरणे अपेक्षित असते. केंद्राचा आणि राज्याचा असे दोन हप्ते वेगवेगळ्या वेळी येत असल्याने कोणता भाग कशाचा, हा गोंधळ घरोघरी होतो. एवढी रक्कम एकदम आली, की घरातील जुनी देणी डोळ्यांसमोर येतात. त्यात कोणाचीही बदनियत नसते. पण परीक्षेचा अर्ज भरण्याच्या वेळी थकबाकी समोर येते आणि मग उसनवारी करावी लागते. संदेश आल्याच्या दिवशीच पासबुक भरून घ्यावे, लेखा विभागाकडून शुल्काचा तपशील लेखी मागावा, भरणा करून पावती घ्यावी. शक्य असल्यास या खात्यावर कर्जाचा हप्ता किंवा अन्य स्वयंचलित वजावट ठेवू नये.

योजना काय देते, हे न वाचता हिशेब मांडणे

राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ८ लाख रुपये आहे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागास वर्गातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण व परीक्षा शुल्काची १०० टक्के प्रतिपूर्ती लागू झाली. ‘मुलींना शिक्षण मोफत’ एवढेच ऐकून पालक पुण्यात येतात. प्रवेश केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून झालेला असावा लागतो, व्यवस्थापन कोट्यातील प्रवेशाला हा लाभ नाही, आणि खासगी अभिमत व स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे यातून वगळलेली आहेत. पुण्यात अशा विद्यापीठांची संख्या लक्षणीय असल्याने प्रवेश निश्चित करण्यापूर्वीच ही चौकशी करावी. वसतिगृह आणि मेसचा खर्च शिक्षण शुल्कात मोडत नाही.

अर्जातील लहान चुका

दहावीच्या गुणपत्रिकेवर, आधारवर आणि जातीच्या दाखल्यावर नाव एकसारखे असावे. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपते, हे पाहून नवा दाखला वेळेत काढावा. अर्ज दरवर्षी नूतनीकरण करावा लागतो. मागच्या वर्षी पैसे आले म्हणून यंदा आपोआप येत नाहीत.

सायबर कॅफेत अर्ज भरून घेताना तेथील चालकाचा मोबाइल क्रमांक आणि त्याने ठरवलेला पासवर्ड नोंदवला जातो, ही मात्र लहान चूक नाही. त्रुटी काढून अर्ज परत पाठवला गेला तरी संदेश त्याच्याकडे जातो, आणि दुरुस्तीची मुदत संपेपर्यंत विद्यार्थ्याला पत्ता लागत नाही. लॉगिन स्वतःच्या हातात ठेवावे आणि दर आठवड्याला अर्जाची स्थिती पाहावी.

चुकीच्या कार्यालयात खेटे घालणे

समाजकल्याण आयुक्तालय पुण्यातच असल्यामुळे विद्यार्थी थेट तेथे जातात. पुणे जिल्ह्यातील अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांचे अर्ज विश्रांतवाडी येथील सामाजिक न्याय भवनातील सहायक आयुक्तांच्या कार्यालयाकडे असतात. अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांसाठी घोडेगावचे एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय आहे. शाहू महाराज योजनेत कला, वाणिज्य व विज्ञानाचे अर्ज उच्च शिक्षण विभागाकडे, तर अभियांत्रिकीचे तंत्रशिक्षण विभागाकडे जातात. अर्ज अजून महाविद्यालयाच्याच लॉगिनमध्ये असेल, तर या कार्यालयांतून काहीच होऊ शकत नाही. तसे आढळल्यास आधी प्राचार्यांना लेखी अर्ज द्यावा.

जाताना अर्ज क्रमांक, अर्जाच्या स्थितीची त्या दिवशीची छापील प्रत, बँक सीडिंग स्टेटसची प्रत आणि अद्ययावत पासबुक सोबत न्यावे. रक्कम बँकेने नाकारली असेल, तर नाकारण्याचे कारण विचारून ते लिहून घ्यावे आणि दुरुस्ती केल्याचे पत्र महाविद्यालय व विभाग या दोन्हींकडे द्यावे. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. पुढच्या वेळी तेथे नवा लिपिक बसलेला असला, तरी त्या क्रमांकावरून कागद सापडतो.